न दिसणारा खिळा कोण ठोकणार?

खान्देशाच्या आकाशात शिकाऊ विमानांची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची प्रशिक्षणाची उड्डाणे धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून होत आली आहेत. शिरपूरला उड्डाण अकादमी आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या जोडीला जळगाव होते. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या सहा आसनी विमानाची चाचणी २०२० मध्ये घेतली तीही धुळ्यालाच. यादवांचा अपवाद सोडला तर या सगळ्याचा भर मात्र विमान चालवण्यावर आहे. ज्या घरांना वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च झेपतो त्यांच्या मुलांसाठी ही दारे उघडी आहेत. सुताराच्या, लोहाराच्या, गॅरेजवाल्याच्या मुलाने ही विमाने खालून पाहायची, एवढेच त्याच्या वाट्याला येते. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय आयटीआयनी मिळून एका जुन्या लाकडी विमानाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ते हौसेखातर किंवा प्रदर्शनात मिरवायला घेऊ नये, कारागिरी शिकवण्याचा मुख्य पाठ म्हणून घ्यावे. त्या पाठातला सर्वांत मोलाचा भाग वरवर अगदी क्षुल्लक वाटेल असा आहे: हातोडी फिरत नाही अशा अडचणीच्या जागी एक बारीक खिळा नीट बसवणे.

हा खिळा कुठे लागतो ते आधी पाहू. टायगर मॉथ हे दोन पंखांचे शिकाऊ विमान १९३१ मध्ये प्रथम उडाले, पुढे आठ हजारांहून अधिक बांधले गेले आणि भारतीय हवाई दलाच्या एका पिढीने त्यावरच उड्डाणाचे पहिले धडे घेतले. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पण पंख लाकडाचे. प्रत्येक पंखात स्प्रूस नावाच्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या दोन लांब तुळया असतात. त्यांवर ठरावीक अंतराने पातळ काड्यांच्या आणि प्लायच्या फासळ्या बसवलेल्या असतात आणि सगळ्यावर ताणून चढवलेले कापड असते. या काड्या एकमेकींना सरसाने चिकटवतात. सरस सुकेपर्यंत सांधा घट्ट दाबून धरायला हवा, नाहीतर दोन लाकडांमध्ये सरसाचा जाड, ठिसूळ थर राहतो. जिथे शिकंजा लावायला जागाच नसते तिथे हे दाबून धरण्याचे काम टाचणीपेक्षा जेमतेम जाड असे पितळी खिळे करतात. पितळ यासाठी की साधे लोखंड लाकडातल्या ओलाव्याने गंजते आणि आसपासचे लाकूडही काळे पाडून कमकुवत करते. सरस एकदा पक्का झाला की ताकद सरसाची. खिळ्याचे मुख्य काम तिथे संपलेले असते. पण त्या पहिल्या काही तासांत खिळा वाकडा गेला, अर्धवट बसला किंवा त्याने काडी चिरली, तर तो सांधा विमानाच्या उरलेल्या आयुष्यभर कच्चा राहतो. वरून कापड चढल्यावर तो कुणाला दिसतही नाही.

फासळी मेजावर साच्यात ठेवून बनवताना खिळे ठोकणे फारसे कठीण नाही. कसोटी लागते ती जुन्या पंखाच्या दुरुस्तीत. फासळ्या जागेवर असतात, मध्ये ताणाच्या तारा असतात, आत हात जातो पण हातोडी उचलायला वीतभरही जागा मिळत नाही. अशा वेळी लांब पोलादी सुंभा खिळ्याच्या डोक्यावर टेकवून त्याच्या दुसऱ्या, मोकळ्या टोकावर हलके ठोके द्यावे लागतात. सुंभ्याच्या टोकाला किंचित खोलगट केलेले असते, म्हणजे तो खिळ्यावरून घसरत नाही. लोखंडी खिळा चुंबकाने पकडता येतो, पितळी खिळा चुंबकाला दाद देत नाही. म्हणून टोकाला मेणाचा किंवा ग्रीसचा ठिपका लावून त्यावर खिळा चिकटवतात, किंवा पुठ्ठ्याच्या पट्टीत टोचून जागेवर नेतात. लाकूड चिरू नये म्हणून आधी खिळ्याहून बारीक भोक पाडून घ्यायचे. दुसऱ्या हाताने सांध्याच्या मागे वजनदार लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायचा, कारण बारीक काडीला मागून आधार नसेल तर ती प्रत्येक ठोक्याला उसळते आणि नुकता लावलेला सरस उघडा पडतो. ठोकाच द्यायचा नसेल तर नळीत सरकणाऱ्या दांडीने खिळा दाबून आत घालतात, किंवा पकडीच्या एका जबड्याला लाकडाचा तुकडा लावून चिमटीत दाबावा तसा बसवतात. काही ठिकाणी प्लायच्या पट्टीतून खिळे मारून पट्टीचाच दाब सांध्यावर आणतात आणि सरस सुकल्यावर पट्टी खिळ्यांसकट उपसून काढतात. हे सारे सरसावर साय धरायच्या आत, म्हणजे मोजक्या मिनिटांत उरकायचे. सुंभा घसरून मुख्य तुळईवर आपटला आणि तिथले तंतू दबले, तर एका निष्काळजी ठोक्यापायी अख्खी तुळई तपासणीत बाद होऊ शकते. काम करणाऱ्याला सांधा दिसत नसतो. ठोक्याचा आवाज बदलला, मागच्या हाताला हादरा वेगळा लागला, यावरून त्याने खिळा बसला की वाकला हे ओळखायचे असते.

इतक्या बारीक गोष्टीवर एवढा भर कशाला, याचे उत्तर विमानांच्या अपघातांच्या इतिहासात आहे आणि त्यातले एक प्रकरण थेट आपल्या देशातले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे मॉस्किटो हे वेगवान लाकडी विमान भारतात आणले गेले. १९४४ मध्ये त्यातली काही विमाने हवेतच पंख मोडून कोसळली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उरलेल्यांची उड्डाणे थांबवून ती तपासावी लागली. सांध्यांतली जोड सुटलेली आढळली. दोष कुणाचा यावर वाद झाला. मोसमी हवेने लाकूड फुगले आणि आक्रसले, असे एका बाजूचे म्हणणे होते. नंतरच्या तपासात बोट ठेवले गेले ते कारखान्यातल्या सदोष जोडणीवर. मला दुसरा निष्कर्ष अधिक पटतो. हवामान सगळ्याच विमानांना सारखे होते, पण सगळीच विमाने मोडली नाहीत. पावसाळ्याने नीट दाबलेला सांधा आणि नुसता लेपलेला सांधा यांतला फरक उघडा केला, इतकेच.

आता विमाने धातूची असतात, मग लाकडातले हे धडे कशाला, हा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप आहे. पण धातूच्या विमानांतल्या दोन मोठ्या दुर्घटना पाहा. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ चे शेपूट ओसाकाला उतरताना धावपट्टीला घासले. मागच्या दाबभिंतीच्या दुरुस्तीत एकसंध जोडपट्टी बसवून रिव्हेटच्या दोन रांगांवर भार वाटायचा होता. प्रत्यक्षात पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली आणि तिथला भार एकाच रांगेवर आला. वरून सीलंट लावल्यावर हे कुणाच्या नजरेत येण्याची शक्यताच उरली नाही. विमान सात वर्षे उडत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली आणि ५२० माणसे मेली. एका विमानाच्या अपघातात इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते आणि त्यानंतरही गेलेले नाहीत. दुसरी घटना १९८८ ची. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत भर उड्डाणात उडून गेले. पत्र्यांच्या सांध्यातले चिकटद्रव्य खाऱ्या हवेत सुटले होते. जो भार त्याने वाहायचा तो रिव्हेटवर आला आणि रिव्हेटच्या भोकांच्या कडांपासून भेगा पसरल्या. चिकटद्रव्याने भार वाहायचा, खिळ्याने वा रिव्हेटने साथ द्यायची, आणि एकाने काम सोडले की दुसरा पुरा पडत नाही. लाकडी पंखाच्या फासळीत जे घडते तेच इथे अल्युमिनियममध्ये घडले. आजही विमानाच्या पंखात रिव्हेट मारताना एक कामगार बाहेरून यंत्राने ठोकतो आणि दुसरा आत आडवा-तिडवा शिरून न दिसणाऱ्या जागी पोलादी ठोकळा टेकवून धरतो. त्याचा तो मागचा हात सुंभ्यामागच्या हाताचाच सख्खा भाऊ आहे.

म्हणून मी म्हणतो की लाकडी विमान हे शिकण्याचे साधन आहे. लाकूड चूक लगेच दाखवते: काडी चिरते, सरस ओघळतो, फासळी वाकडी होते. मापासाठी महागडे यंत्र लागत नाही. नमुन्याचा सांधा दोन दिवसांनी विद्यार्थ्यासमोर मोडून पाहता येतो. लाकूड तंतूंतून फाटले तर सांधा चांगला, सरसातून सुटला तर वाईट, इतका स्वच्छ निकाल दुसऱ्या कुठल्या प्रात्यक्षिकात मिळतो? आपल्या आयटीआयच्या परीक्षेत फिटरने घासलेला तुकडा वर्नियरने मोजतात, वेल्डरची शिवण वरून पाहतात. दिसणाऱ्या भागाची परीक्षा होते. झाकल्या जाणाऱ्या कामाची सवय लावणारा धडा अभ्यासक्रमात फारसा नाही आणि पुढे नोकरीत जबाबदारीचे बहुतेक काम नेमके तसलेच असते. बोअरवेलचा पंप जोडणाऱ्याचे, भिंतीतली वायर ओढणाऱ्याचे, बसच्या ब्रेकचे पॅड बदलणाऱ्याचे काम झाकल्यावर कोण पाहतो? विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जो अभ्यासक्रम ठरवला आहे त्यातही लाकडी रचना आणि कापडी आवरण यांना जागा आहे. ते पुस्तकातून पाठ करण्याऐवजी हाताने करता आले, तर खान्देशातल्या मुलांना त्या परवान्याच्या वाटेवर पहिले पाऊल घरच्या जवळ टाकता येईल.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. उडण्याजोगे जुने विमान उभे करणे खरेच खर्चाचे काम आहे. हवाई दलाच्या वारसा ताफ्यातले टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आले आणि २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडनला उडाले. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिलेले ‘परशुराम’ हे डकोटा विमान आधी आयर्लंडमध्ये भंगारातून विकत घेतले होते. त्याचीही पुनर्बांधणी ब्रिटनमध्येच झाली आणि २०१८ मध्ये ते भारतात पोचले. ज्यांनी हे केले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. तरीही या व्यवहारात आपल्याकडे तयार विमान आले आणि ते तयार करताना पिकलेली अक्कल तिकडेच राहिली, हे मान्य करायला हवे. माझी सूचना याच्या उलट टोकाची आहे. उडणारे विमान मागूच नका. एका फासळीपासून सुरुवात करा. तिला लागते ते काही फूट लाकूड, थोडे प्लाय, मूठभर खिळे आणि सरस. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची फासळी बनवावी. दुसऱ्या वर्षी गटाने एक पंख उभा करावा. जमिनीवरच राहणाऱ्या पंखाला उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची गरज नाही, म्हणजे सुरक्षेविषयीचा तिसरा आक्षेपही इथेच मिटतो. या मुलांनी बनवलेल्या पंखावर कुणी उडणार नाही. पण उडणार आहे असे समजून तो तपासला मात्र जावा, आणि तपासणाऱ्याला कुठलाही सांधा उघडून पाहण्याचा अधिकार असावा.

इपॉक्सीच्या जमान्यात जुन्या सरसाचे आणि पितळी खिळ्यांचे काय काम, असेही विचारले जाईल. इपॉक्सीला पूर्वीच्या सरसाइतका दाब लागत नाही हे खरे. फार दाबले तर उलट सांध्यातले द्रव्य बाहेर निघून तो कोरडा पडतो. म्हणजे तिथे कमी दाब, पण सगळीकडे सारखा, असे आणखी नाजूक गणित येते. ज्या हाताला खिळ्याचा दाब कळला आहे त्याला ते लवकर उमगेल. आणि ऐतिहासिक वस्तूची दुरुस्ती करताना मूळ रीत पाळणे हा त्या वस्तूशी राखलेला प्रामाणिकपणाही आहे. जिथे मूळ द्रव्य धोकादायक ठरले आहे तिथे नवे वापरावे, आणि तसे वापरल्याची लेखी नोंद पंखासोबतच ठेवावी.

खान्देशाच्या हवेचे काय? मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि महिन्याभरात पावसाळी दमटपणा येतो. लाकूड आणि सरस दोघांनाही हे मानवणारे नाही, म्हणून उघड्या शेडमध्ये हे काम होऊच शकत नाही. त्यासाठी तापमान आणि आर्द्रता सांभाळलेली एक खोली लागेल. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या पट्ट्याला अशा खोल्या परक्या नाहीत. तिथले तंत्रज्ञ त्या रोज चालवतात. लाकडाचा प्रश्न अधिक अवघड आहे. सातपुड्यातला साग उत्तम असला तरी फासळ्यांसाठी जड पडतो, आणि अंजनाच्या लाकडात तर खिळा शिरणेच कठीण. सरावासाठी सरळ रेषांचे कुठलेही हलके लाकूड चालेल. शेवटच्या पंखासाठी मात्र योग्य प्रतीचे स्प्रूस बाहेरून मागवावे लागेल, आणि तो खर्च टाळू नये, कारण चांगल्या लाकडातले दोष शोधायला शिकणे हाही या विद्येचाच भाग आहे. कापडाच्या बाबतीत मात्र आपण कापसाच्या मुलखात आहोत. आयरिश लिननच्या जोडीला विमानांवर उच्च प्रतीचे सुती कापडही वापरले जात असे आणि नव्या कापडाने इंचाच्या रुंदीला ८० पौंडांचा ताण सोसला पाहिजे अशी त्याची अट होती. ते कापड फासळ्यांना शिवताना पंखाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहतात आणि मेणाच्या दोऱ्याची लांब सुई आरपार देतात-घेतात. आयटीआयच्या शिवणकामाच्या वर्गातल्या मुलींना या कार्यशाळेत बरोबरीची जागा आहे ती इथे, आणि खिळ्यांच्या कामातही, कारण ते मनगटाच्या जोरापेक्षा बोटांच्या संयमाचे आहे.

उरतो तो नोकरीचा आक्षेप, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. ज्या घराने पोटाला चिमटा काढून मुलाला आयटीआयला घातले, त्याला जुन्या विमानाचे कौतुक कशाला असेल? त्याला काम हवे. लाकडी विमाने दुरुस्त करण्याच्या नोकऱ्या भारतात नगण्य आहेत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. असा अभ्यासक्रम नोकरीचे आमिष दाखवून चालवला तर ती फसवणूक होईल. म्हणूनच तो स्वतंत्र ट्रेड नसावा. सुतार, फिटर, शीट मेटल आणि शिवण या चालू वर्गांत आठवड्यातला काही वेळ त्याला द्यावा, म्हणजे मुलाचे मूळ प्रमाणपत्र शाबूत राहते आणि वर एक दुर्मीळ सवय अंगी लागते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, भुसावळला रेल्वेची इंजिन कार्यशाळा आहे. अशा ठिकाणी निवड करणाऱ्यांनी एकदा या मुलांना मुलाखतीऐवजी अडचणीच्या जागी एक रिव्हेट मारायला सांगून पाहावे.

धुळ्याने इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या मागे त्यांची दप्तरे जपली आणि आजही राजवाडे संशोधन मंडळात ती अभ्यासकांना पाहायला मिळतात. जळगावच्या गांधीतीर्थात कागदपत्रांच्या जतनाचे काम चालते. जुने जपण्याची बुद्धी या प्रदेशाला आहेच. पण हाताचे ज्ञान दप्तरात बांधून ठेवता येत नाही. सुंभ्यावरचा ठोका किती हलका, हे लिहून ठेवलेले वाचून कुणाला येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते. गावोगावच्या बैलगाड्या गेल्या तशी त्या बांधणाऱ्या सुतारांची पिढीही सरत चालली आहे. बारीक कामाची समज असलेली अशी जी जाणती माणसे पारोळा, अमळनेर, शिरपूर, चोपड्याकडे अजून हयात आहेत, त्यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून आयटीआयत बसवायची हीच वेळ आहे. विमानाची शिस्त त्यांना देखभाल अभियंते शिकवतील, लाकडाची नाडी अभियंत्यांना ते शिकवतील.

गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून आहे आणि तिथली बरीच विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. अशा संग्रहालयांना निगा राखणारे हात हवे असतात आणि आपल्या मुलांना शिकायला खरे विमान हवे असते, तेव्हा ही देवाणघेवाण दोघांच्याही फायद्याची ठरेल. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्या आराखड्यात एका खोलीची, सरावाच्या लाकडाची आणि चार जाणत्या कारागिरांच्या मानधनाची तरतूद करावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने सांध्यांच्या ताकदीची चाचणी घेण्याची जबाबदारी उचलावी. गोंदूर, जळगाव आणि शिरपूरच्या विमान प्रशिक्षण संस्थांनी आपले अभियंते महिन्यातून एक दिवस तपासनीस म्हणून पाठवावेत. आणि पालकांनी, आपल्या मुलाची पहिली फासळी मोडून तपासली गेली तर वाईट वाटून घेऊ नये, सांधा कुठून सुटला ते त्याला विचारावे.